अर्धा टक्का जादा

ज्येष्ठ नागरिकांना मुदत ठेवीवर अर्धा टक्का जादा व्याज द्यायचं, असा आमच्या बँकेचा नियम आहे. संगीताचे समीक्षक हाच नियम म्हाताऱ्या कलावंतांना लावतात. 'या वयातसुद्धा!' एवढं लिहिलं की सुटले. आर्थर रुबिनस्टाईननं ब्राह्म्सचा पहिला पियानो कन्चेर्टो डेक्कासाठी पुन्हा वाजवला तो १९७६ साली, वयाची ८९ वर्षं पुरी झाल्यावर. पण मी कारकून माणूस. खातेदाराला जमा आहे तेवढंच देणार!

वाद्यवृंद इस्रायल फिलहार्मोनिक आणि छडी हातात घेऊन उभे आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. चाळिशीला टेकलेला पारशी नव्वदीकडे निघालेल्या आजोबांना रस्ता ओलांडून देतोय, असंच चित्र डोळ्यांपुढे येतं. त्यात रुबिनस्टाईनची नजर अधू. कडेकडेचं दिसे, नेमकं समोरचं दिसत नसे. (समोरची रांग न दिसणारी माणसं आमच्या काउंटरमागेही आहेत, पण त्यांचे डोळे उत्तम आहेत.)

आणि कृती तरी कसली! १८५४ साली शूमाननं ऱ्हाइन नदीत उडी घेतली, त्याच वर्षी विशीतल्या ब्राह्म्सच्या हाती हे संगीत आकार घेऊ लागलं. १८५९ साली लाइपझिगच्या श्रोत्यांनी त्याला चक्क हिस् हिस् केलं. सुरुवातीलाच ढोलांचा गडगडाट. पियानोवाला तीन-चार मिनिटं नुसता बसून, आणि मग शिरतो तो अगदी हळू आवाजात. हे शिरणं रुबिनस्टाईननं असं केलंय, की भांडण चाललेल्या घरात एखादा वडीलधारा चपला काढून आत यावा. पुढे मात्र ते सप्तकाच्या अंतरावरचे कुप्रसिद्ध ट्रिल येतात. फ्रिट्झ रायनरबरोबर शिकागोत १९५४ साली केलेल्या मुद्रणात तिथं वीज कडाडते. इथं फक्त आभाळ भरून येतं. तिसरा भाग तर कठडा धरून जिना उतरावा तसा. तिथं अर्धा टक्का नाहीच.

पण दुसरा भाग! एक सूर विरला तरी या गृहस्थाला पुढच्याची घाई नाही. १९५४ सालीही हा भाग सुंदरच आहे. पण तो सुंदर आहे हे तिथं वाजवणाऱ्यालाही ठाऊक आहे. इथं तो आपल्याला काही ऐकवतोय असं वाटतच नाही. आपण दाराबाहेर आणि आत कुणी स्वतःशी बोलतंय. मेहतांनी तंतुवाद्यं इतकी खाली ठेवलीत, की हात धरलाय हे आजोबांना कळूसुद्धा नये.

१८५९ साली हानोव्हरला या कन्चेर्टोचा पहिला प्रयोग झाला, पियानोवर खुद्द ब्राह्म्स, वाद्यवृंद योआखिमच्या हाती. पुढे बर्लिनमध्ये छोट्या रुबिनस्टाईनच्या शिक्षणावर देखरेख केली ती याच योआखिमनं. पेन्शनरांच्या सह्या आम्ही ताडून पाहतो तेव्हा रेघ थरथरली तरी चालतं, वळण तेच लागतं. इथं वळण कुठून आलंय ते बघा!

त्याच वर्षीच्या मेअखेर लंडनच्या विगमोर हॉलमध्ये शेवटचा कार्यक्रम करून रुबिनस्टाईन थांबला. आमच्या घरी मात्र दुसरा भाग संपला की मी सुई उचलतो.

"तिसरा?" बायको विचारते.

"तो शिकागोवाल्या तबकडीवर ऐकू."