सरासरीचा भ्रम

वितरित संगणकसेवांची पारख सरासरी प्रतिसादकालावरून करण्याची रूढी आम्हांस सदोष वाटते. डीन व बारोसो यांनी 2013 साली दाखविले की, शंभर संगणकांपैकी प्रत्येक जरी शंभरांत एकदाच रेंगाळला, तरी त्या सर्वांच्या उत्तरांवर विसंबणाऱ्या मागण्यांपैकी सुमारे 63 टक्के रखडतात. मात्र येथे प्रत्येकाचा विलंब स्वतंत्र मानिला आहे; हे गृहीत कच्चे होय. पालघर-बोईसर मार्गावर एक मालगाडी अडली की मागील गाड्या एकदमच खोळंबतात. संगणक असे एकजुटीने रेंगाळले, तर रखडलेल्या मागण्या 1 टक्क्यावर येतील. पण तेवढ्या घटकेपुरती सेवाच ठप्प! तारापूरच्या कारखान्यातील पाळी चुकलेल्या कामगारास सरासरीचे काय? ‘भार’ हा पारिभाषिक शब्दही फसवा आहे: ओझ्याने चाल हळूहळू मंदावते, रांग मात्र क्षमतेच्या सीमेपाशी एकाएकी फुगते.