एकमेव वांचलेल्या व्यक्तीची साक्ष

दि. २६ जानेवारी १९७२ रोजीं युगोस्लाव्ह विमान कंपनीचें डीसी-९ जातीचें विमान कोपनहेगनहून झाग्रेबकडे जात असतां चेकोस्लोव्हाकियांतील सर्ब्स्का कामेनित्से या खेड्याजवळ मोडून पडलें. विमानांत एकंदर २८ माणसें होतीं. त्यांपैकीं २७ मेलीं, व व्हेस्ना वुलोविच ही विमानसेविका तेवढी वांचली. १०,१६० मीटर उंचीवरून हवाई छत्रीवांचून पडून ती जगली, या विक्रमाबद्दल गिनीज बुकानें १९८५ सालीं तिचा गौरव केला. पुढें २००९ सालीं पीटर हॉर्नुंग व पावेल थाइनर या पत्रकारांनीं निराळेंच प्रतिपादन केलें. त्यांच्या मतें तें विमान चेकोस्लोव्हाक हवाई दलानेंच चुकून पाडलें, आणि तेंहि जमिनीपासून अवघ्या ८०० मीटरांच्या सुमारास. या मताचा बराच गाजावाजा झाल्यामुळें त्याचें परीक्षण करणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम वाद कशाविषयीं आहे तें निश्चित केलें पाहिजे. व्हेस्ना त्या विमानांत होती व ती वांचली, याविषयीं उभय पक्षांचें ऐकमत्य आहे. वाद विमान मोडलें त्या उंचीचा व मोडण्याच्या कारणाचा आहे. या दोहोंविषयीं वांचलेली व्यक्ति काय सांगते, असें वाचक साहजिकच विचारील. उत्तर असें कीं, ती कांहींच सांगत नाहीं. विमानांत चढणाऱ्या उतारूंचें स्वागत केलें, एवढेंच तिला स्मरत होतें. त्यानंतरची स्मृति एकदम रुग्णालयांतली.

नैयायिकांच्या मतें आप्ताच्या ठायीं दोन गुण लागतात : वस्तूचें साक्षात् ज्ञान, आणि तें यथार्थ सांगण्याची इच्छा. व्हेस्नाच्या ठायीं दुसरा गुण पूर्ण होता, पहिला नव्हता. आपण विमानाच्या मध्यभागीं होतों, शेपटाकडे नव्हतों, असें ती म्हणे. परंतु तेंहि तिला शोधून काढणाऱ्या गांवकऱ्याच्या सांगण्यावरून. म्हणजे तिच्या तोंडचें तें वाक्यहि वस्तुतः ऐकीव होय. तेव्हां लोकांनीं तिच्या नांवावर खपविलेल्या गोष्टींचा दोष तिच्याकडे जात नाहीं. ती २०१६ सालीं निवर्तली. तिच्या प्रामाणिकपणास या वादानें बाध येत नाहीं, हें आम्ही स्पष्ट नमूद करतों.

आतां नव्या मताचा आधार पाहूं. विमान ढगांच्या खालीं आलें तेव्हां अखंड होतें, व जवळ दुसरेंहि एक विमान होतें, असें सांगणारे गांवकरी या पक्षानें पुढें केले आहेत. तत्कालीन राजवटीची गुप्ततेची रीत ध्यानांत घेतां शंका घेणें गैर नाहीं. उलट शंका घेतली हें या पत्रकारांचें श्रेय आहे. परंतु शंका हा पुरावा नव्हे. विमानांतील नोंदयंत्रें ॲमस्टरडॅम येथें युगोस्लाव्हिया, चेकोस्लोव्हाकिया व नेदरलंड या तीन देशांच्या तज्ज्ञांसमक्ष उघडण्यांत आलीं. आणि वेळ, वेग, दिशा व उंची हीं त्यांवरूनच ठरलीं आहेत. एकट्या प्रागच्या सरकारच्या शब्दावर ही उंची अवलंबून नाहीं. यंत्रास भय नाहीं, पक्ष नाहीं, आणि सदतीस वर्षांनीं त्याची आठवणहि बदलत नाहीं. ही नोंद बनावट होती असें सप्रमाण दाखविल्यावांचून ८०० मीटरांचें मत उभें राहत नाहीं. आणि तें दाखविण्यांत आलेलें नाहीं.

मात्र हाच निकष उलट पक्षासहि लाविला पाहिजे. तपासांत घड्याळाचे तुकडे सांपडले. त्यावरून सामानाच्या कप्प्यांत बाँब होता असें अनुमान झालें, व तें संभाव्य आहे. परंतु तो कोणीं ठेविला ? आपण क्रोएशियन राष्ट्रवादी असल्याचें सांगून एका इसमानें दुसऱ्या दिवशीं एका स्वीडिश वर्तमानपत्राकडे दूरध्वनीनें या कृत्याची जबाबदारी घेतली. निनांवी माणसाचें असलें वाक्य आप्तवाक्य होत नाहीं, आणि या अपराधाबद्दल कोणासहि शिक्षा झालेली नाहीं. म्हणून उंची सिद्ध, बाँब संभाव्य, कर्ता असिद्ध, एवढेंच आज म्हणतां येतें. पुष्कळ ग्रंथकार हीं तिन्ही विधानें एकाच स्वरांत सांगतात, तें चुकीचें आहे.

एकीच्या जगण्याचें आश्चर्य इतकें मोठें झालें कीं, सत्तावीस जणांच्या मरणाचा प्रश्न त्यामागें झांकला गेला. त्यांची साक्ष कोणी घेऊं शकत नाहीं. म्हणूनच जी साक्ष उपलब्ध आहे ती तिच्या योग्यतेहून अधिक न ताणणें, हें संशोधकाकडे त्यांचें देणें आहे.