दूरचे गुरुजी, जवळचे यंत्र

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळला स्थापलेला विज्ञान आश्रम चाकणपासून फार दूर नाही. २००२ पासून तेथे फॅब लॅब आहे. अशा लॅबमधून ‘फॅब अकॅडमी’ हा अभ्यासक्रम चालतो. एमआयटीचे नील गेर्शेनफेल्ड यांचे साप्ताहिक व्याख्यान पडद्यावर, हातकाम मात्र जवळच्या लॅबमध्ये. ही विभागणी योग्यच आहे. लेसर कापताना थोडा पुठ्ठा खातो. म्हणून ३ मिमी जाड पुठ्ठ्यासाठी ३ मिमीचीच खाच आखली, तर सांधा सैल बसतो. खाल्लेली रुंदी वजा करावी लागते. ती व्याख्यानातून कळत नाही, त्याच यंत्रावर कापून मोजावी लागते. (पिंपरीतल्या फिटरला यात नवल वाटणार नाही!) जाडी आणि ही रुंदी चलपदे म्हणून मांडली, की पुठ्ठा बदलला तरी आराखडा आपोआप जुळतो. संगणकाचे काम ते.

वास्तुरचनेला मात्र हे अपुरे आहे. ‘काहीतरी मोठे बनवा’ याला आठवडा एकच. पाऊस, वारा, भार यांचा वेगळा पाठ नाही. पाबळचेच त्रिकोणी चौकटींचे घुमट त्यासाठी अभ्यासता आले असते. शिवाय सारे इंग्रजीत. आयटीआय झालेला मुलगा यंत्रापाशी पुढे असेल, पण कामाच्या नोंदी लिहिताना मागे पडेल. आणि मूल्यमापन त्या नोंदींवरूनच होते.