वारणेची ‘वायर्ड व्हिलेज’ योजना आणि समूहचर्चेचा प्रश्न

पेठ वडगावनजीकच्या वारणानगर परिसरात १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा हा उपक्रम शासन, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी मिळून हाती घेतला. त्याविषयीचे लेखन बहुधा गावात संगणक आला की नाही, या अंगाने होते. त्या संगणकावर सभासदांना एकमेकांशी बोलता येत होते काय, हा प्रश्न मात्र मागे राहतो.

तसे बोलणे त्या काळी अशक्यप्राय होते, असे म्हणता येत नाही. इलिनॉय विद्यापीठात १९७३ सालीच ‘प्लेटो नोट्स’ वापरात आले होते. १९७६ साली मरे टुरॉफ यांनी न्यू जर्सी येथे ‘ईआयईएस’ ही संगणकीय परिषद प्रणाली उभी केली. या प्रणालीत सर्वांनी एकाच वेळी हजर राहण्याचे कारण नसे. प्रत्येकाने सवडीने लिहावे, ते विषयवार क्रमाने साठावे आणि मागून येणाऱ्यास आरंभापासून वाचता यावे, अशी तिची रचना होती. आपल्याकडील वार्षिक सर्वसाधारण सभेत ज्याचा आवाज मोठा तोच ऐकू येतो आणि इतिवृत्त कार्यालय लिहिते. या प्रणालीत इतिवृत्त बोलणाऱ्यांच्याच हातचे असे. हा भेद तांत्रिक नाही.

वारणेच्या केंद्रांतून ऊसनोंद, तोडणीचा क्रम, वजन, खत व बिलाचा हिशोब यांची माहिती मिळे. कारखान्याची एक खेप वाचणे ही शेतकऱ्याच्या दृष्टीने किरकोळ गोष्ट नव्हे. परंतु ही देवघेव कारखाना आणि एकेकटा सभासद यांच्यातली. एका गावच्या सभासदाचा प्रश्न दुसऱ्या गावच्या सभासदापुढे जाण्याची सोय तीत नव्हती. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चने काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलचे लघुसंदेश वापरून पाहिले, तेव्हा तेच काम कमी खर्चात झाले. संगणकाकडे मुळात किती मर्यादित काम सोपविले होते, याचा हा पुरावाच होय.

अर्थात अशी प्रणाली बसविली असती तर चर्चा आपोआप रंगली असती, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. युनिकोड रुळण्यापूर्वी एका फॉन्टमधील मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन उमटे. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९८८ साली ‘कोसी’ ही प्रणाली हजारावर विद्यार्थ्यांसाठी वापरली, तेथेही पुष्कळ जण नुसते वाचत, लिहीत नसत. वारणेत भीडही आड आली असती. ज्याचा ऊस तोडणीवाचून उभा आहे, तो कारखान्याविरुद्ध स्वतःच्या नावाने काय लिहिणार? ‘ईआयईएस’मध्ये टोपणनावाने वा निनावी लिहिण्याची मुभा होती. पण मजकूर केंद्रचालकाकडून टंकून घ्यायचा, तर टोपणनावाने झाकणार काय? कोणाचा फड कोठे उभा आहे, हे त्याला ठाऊकच असते.