हाँगकाँगमधील चिनी भाषेची शासकीय मान्यता : १९७४ च्या कायद्याची चिकित्सा

ब्रिटिश राजवटीने हाँगकाँगमध्ये चिनी भाषेला १९७४ साली अधिकृत भाषेचा दर्जा दिला. हे वासाहतिक शासनाचे औदार्य मानण्याचा मोह होतो. परंतु कायद्याची संहिता बारकाईने वाचली असता हे मत स्वीकारणे कठीण जाते.

१८४२ च्या नानकिंग तहाने हाँगकाँग बेट ब्रिटिशांकडे गेले. त्यानंतर १३० हून अधिक वर्षे, लोकसंख्येत चिनी लोकांचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक असतानाही, इंग्रजी हीच एकमेव अधिकृत भाषा राहिली. १९६७ च्या दंगलींनी शासन व जनता यांतील दुरावा उघडा पाडला. १९७० मध्ये विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने भाषिक चळवळ उभी राहिली. त्याच वर्षी समिती नेमली गेली आणि पुढे ‘ऑर्डिनन्स’ संमत झाला. (येथे आपल्याकडील अध्यादेश अभिप्रेत नाही, तेथील विधान परिषदेच्या नियमित कायद्यालाच हे नाव आहे.)

या कायद्याने दोन्ही भाषांना ‘समान दर्जा’ दिला खरा, पण तो शासन व जनता यांच्यातील व्यवहारापुरता आणि न्यायालयीन कामकाजापुरता. शिवाय समान वापराचा हक्क ‘या कायद्याच्या तरतुदींस अधीन राहून’. खरी मेख या शेवटच्या शब्दांत आहे. कारण पुढील तरतुदींनुसार कायदे इंग्रजीतच संमत व्हायचे आणि जिल्हा न्यायालयापासून वरचे कामकाजही इंग्रजीतच चालायचे. कनिष्ठ न्यायालयांत चिनीला वाव होता, तोही न्यायालयाच्या मर्जीनुसार. म्हणजे नागरिकाला शासनाशी चिनीत पत्रव्यवहार करता येई. मात्र ज्या कायद्याने त्याला शिक्षा होई, त्याची अधिकृत संहिता त्याच्या भाषेत नसे. मान्यता अर्जाच्या भाषेला मिळाली, आज्ञेची भाषा इंग्रजीच राहिली.

हे चित्र बदलले ते १९८४ च्या चीन-ब्रिटन संयुक्त जाहीरनाम्यानंतर. १९८७ च्या दुरुस्तीने द्विभाषिक कायदेनिर्मितीची वाट मोकळी केली. पहिला द्विभाषिक कायदा १९८९ मध्ये झाला. वरिष्ठ न्यायालयांची दारे चिनीसाठी उघडण्यास १९९५ ची दुरुस्ती यावी लागली. तोवर सत्तांतरास अवघी दोन वर्षे उरली होती. या घाईचे श्रेय १९७४ च्या कायद्यास देणे इतिहासाला धरून होणार नाही.

आणखी एक बाब अभ्यासकांकडून सहसा निसटते. ‘चिनी’ म्हणजे नेमके काय, याची व्याख्या कायद्याने केलीच नाही. हाँगकाँगच्या घराघरांत कँटोनीज बोलली जाते, तर औपचारिक लेखन मँडरिनवर आधारलेल्या प्रमाण चिनीत होते. ही संदिग्धता शासनाच्या सोयीची होती, तशीच ती कँटोनीजच्याही पथ्यावर पडली.