फेरॉलला कोणी निवडलं?

हॉस्टेलच्या खोलीत आम्ही सातजणांनी 'पाथ्स ऑफ ग्लोरी' पाहिला. संपल्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच नाव : कर्नल डॅक्स. काय बाणेदार माणूस! काय बोलतो! मी गप्प होतो. माझ्या डोक्यात फेरॉल बसला होता.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी. स्टॅन्ली क्यूब्रिकचा हा १९५७ चा सिनेमा, हम्फ्री कॉबच्या १९३५ च्या कादंबरीवरून काढलेला. पहिलं महायुद्ध, फ्रेंच फौज. जनरल मिरोला बढतीचं गाजर दिसतं आणि तो 'अँट हिल' नावाची टेकडी घ्यायला निघतो. स्वतः नाही, डॅक्सच्या पलटणीच्या जिवावर. आधी हिशेब मांडतो : पाच टक्के आपल्याच तोफांनी मरतील, दहा टक्के मोकळ्या रानात, वीस काटेरी तारांत, पंचवीस टेकडीवर. किराण्याची यादी वाचावी तसा. डॅक्सला कळतं, निम्म्याहून जास्त पोरं जाणार. तरी तो हल्ला पत्करतो, कारण नाही म्हटलं तर पलटण हातची जाते. त्याची आरती ओवाळणाऱ्यांनी हे विसरू नये.

हल्ला फसतो. आता भित्रेपणाबद्दल कोणाला तरी मारलं पाहिजे. मिरोला शंभर हवेत; मंडईत भाव पाडावा तसं होत होत तीनवर सौदा तुटतो. तीन कंपन्या, प्रत्येकीतला एक.

खरा सिनेमा इथं आहे. पॅरिसला निवडतो त्याचा लेफ्टनंट, कारण दारूच्या नशेत घाबरून त्यानं आपलाच एक शिपाई बाँबने उडवला आणि पॅरिसने ते पाहिलंय. आर्नोचं नाव चिठ्ठीत निघतं. त्याच्याकडे शौर्याची पदकं आहेत, पण कोर्ट म्हणतं त्यांचा इथं संबंध नाही. आणि फेरॉल? तो म्हणे समाजाला नकोसा माणूस. बस्स. एवढंच कलम. त्यानं त्या दिवशी काय केलं हे कोणी विचारायचं कारणच नाही, तो कोण आहे हे आधीच ठरलंय. आपल्या वाचकांना हे फोड करून सांगायला नको.

साक्षीत फेरॉल सांगतो : मध्यापर्यंत गेलो, पाहतो तर मी आणि मेयर दोघंच उरलेलो. डॅक्स उपरोधानं विचारतो, मग दोघांनीच टेकडी का नाही घेतलीस? फेरॉलला वाटतं साहेब थट्टा करतोय. सगळ्या खटल्यात शहाणं बोलणारा हा एकटा. लेखी आरोपपत्र नाही, कामकाजाची नोंद नाही. हे डॅक्स ओरडून सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यानंतर क्यूब्रिक फेरॉलच्या वाट्याला निव्वळ रडणं देतो. खांबापर्यंत तो हुंदके देत जातो. मरताना माणूस रडणारच, त्याला माझी हरकत नाही. हरकत ही, की शब्द सगळे ऑफिसरकडे आणि अश्रू शिपायाकडे. कादंबरीत डॅक्स एवढा मोठा नाही, बचावाचं काम दुसऱ्याच अधिकाऱ्याकडे आहे. पडद्यावर कर्क डग्लस आला आणि वकिली त्याच्याकडे गेली.

शेवटची खानावळ मात्र मान्य. पकडून आणलेली जर्मन पोरगी गाते आणि शिट्ट्या मारणारे शिपाई हळूहळू रडू लागतात. कादंबरी गोळीबारापाशी थांबते; ही भर सिनेमाची, आणि चांगली. पण तिथंही डॅक्स दाराबाहेर उभा राहून ऐकतो, आत जात नाही.

आता जे सिनेमात नाहीच ते. १७ मार्च १९१५ रोजी फ्रान्समधल्या सुएं गावाजवळ चार कॉर्पोरल असेच गोळ्या घालून मारले. त्यांतला तेओफिल मोपा शाळामास्तर. त्याची बायको ब्लांश, तीही मास्तरीण. नवऱ्यावरचा भित्रेपणाचा डाग पुसायला ती मानवी हक्कांच्या संघटनेला घेऊन वर्षानुवर्षं झगडली. अर्ज फेटाळले, तिनं पुन्हा केले. १९३४ साली चौघे निर्दोष ठरले. दोघा विधवांना भरपाई मिळाली नाममात्र, एकेक फ्रँक. कॉबची कादंबरी आली ती पुढच्याच वर्षी.

म्हणजे या प्रकरणात निकाल फिरवून घेणारं माणूस होतं आणि ते कर्नल नव्हतं. फ्रान्समध्ये हा सिनेमा १९७५ पर्यंत दाखवला गेला नाही. दाखवला तेव्हाही त्यात ब्लांश नव्हतीच. खोलीतल्या पोरांना मी हे सांगितलं. एकजण म्हणाला, मग डॅक्स वाईट का? वाईट कोण म्हणतंय. फेरॉलची साक्ष पुन्हा लाव, एवढंच म्हणालो.