मत्स्यटाकीतील पुरावा : सागरी जीवांवरील किरणोत्सर्ग-प्रयोगांची चिकित्सा

प्रास्ताविक :
किरणोत्सर्गाचा सागरी जीवांवर कोणता परिणाम होतो, या प्रश्नाची उत्तरे बहुतांशी प्रयोगशाळेतील टाक्यांतून मिळाली आहेत. प्रयोग टाकीत होतो, निर्णय मात्र समुद्राविषयी घेतला जातो. या दोहोंतील अंतर दोन उदाहरणांच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पोलिकार्पोव्ह यांचा निष्कर्ष :
१९६० च्या दशकाच्या आरंभी सोव्हिएत शास्त्रज्ञ पोलिकार्पोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या समुद्रातील माशांची अंडी स्ट्रॉन्शियम-९० मिसळलेल्या पाण्यात ठेवली. लिटरमागे सुमारे ३.७ बेक्वेरेल एवढ्या अल्प संहतीलाही विकृत पिलांचे प्रमाण वाढते, असे त्यांनी नोंदविले. १९६४ मध्ये ब्राऊन व टेम्पलटन या ब्रिटिश संशोधकांना याहून कितीतरी अधिक संहतीतही असा परिणाम आढळला नाही. येथे एक गोष्ट विसरता येत नाही. समुद्राच्या पाण्यात नैसर्गिक पोटॅशियम-४० लिटरमागे सुमारे १२ बेक्वेरेल असतेच. त्यामुळे एवढ्या अल्प वाढीला विकृतीचे कारण मानण्यापूर्वी तापमान, प्राणवायू व जिवाणू यांचा हिशेब चोख असावा लागतो. शिवाय एका टाकीतील शंभर अंडी म्हणजे शंभर स्वतंत्र नमुने नव्हेत. त्या सर्वांचे पाणी एकच असते.

फुकुशिमाच्या टाक्या :
फुकुशिमा दाइची येथील प्रक्रिया केलेले पाणी २४ ऑगस्ट २०२३ पासून समुद्रात सोडण्यास प्रारंभ झाला. तत्पूर्वी २०२२ मध्ये टेप्को कंपनीने हिरामे हा चपटा मासा व अबलोन शिंपले अशा पाण्यात वाढविले. त्यात ट्रिटियम लिटरमागे १,५०० बेक्वेरेलपेक्षा कमी होते. माशातील ट्रिटियम पाण्यातील पातळीपलीकडे गेले नाही आणि साध्या समुद्रजलात ते घटले. ट्रिटियमचा संचय होत नाही, यासाठी हा पुरावा मोलाचा आहे.

परंतु मासे निरोगी राहिले, यावरून निरुपद्रवीपणा सिद्ध होतो काय? ट्रिटियमच्या बीटा-कणाची सरासरी ऊर्जा ५.७ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट धरल्यास माशाला मिळणारी मात्रा दिवसाला सुमारे ०.१२ मायक्रोग्रे येते. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २००८ मध्ये चपट्या माशांसाठी सुचविलेली विचारार्ह पातळी दिवसाला १ ते १० मिलिग्रे आहे. म्हणजे प्रयोगातील मात्रा तिच्या हजारो पटींनी कमी होती. येथे परिणाम दिसण्याची अपेक्षाच नव्हती. सुरक्षिततेचा खरा आधार मात्रेचे गणित आहे, टाकीतील मासा नव्हे.

समारोप :
पहिल्या प्रयोगात नगण्य मात्रेवर मोठ्या परिणामाचा भार टाकला गेला; दुसऱ्यात परिणामाच्या अभावाला पुराव्याचे रूप आले. दोन्ही ठिकाणी उणीव एकच : मात्रा आणि परिणाम यांचा संबंध स्पष्ट न करता निष्कर्ष मांडणे. अन्नसाखळी व पिढ्यान्पिढ्यांचे प्रजनन तर टाकीबाहेरच राहते. तारापूर येथे १९६९ पासून अणुवीज केंद्र असलेल्या आपल्या किनाऱ्यासही हा विवेक लागू पडतो. मच्छीमाराला टाकीतील जिवंत मासा दाखविण्यापेक्षा मात्रेचा हिशेब मराठीतून समजावून सांगणे अधिक प्रामाणिक ठरेल.